सात नंबरच्या खोलीतली आया

“मग त्या आयाचं काय झालं?” असं पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, आणि मी क्षणभर थांबलो, कारण ते मला अजून सुचलं नव्हतं.

साल सत्त्याऐंशी, ऑक्टोबर महिना. महाबळेश्वरच्या फर्नडेल हॉटेलात मी तेव्हा काउंटरवर होतो. पावसाळ्याचे चार महिने बंद असलेलं हॉटेल नुकतंच उघडलं होतं, गाद्यांचा कुबट वास अजून गेला नव्हता, आणि पुण्याहून आलेली सहा माणसं दोन दिवस धुक्यात अडकून पडली होती. पॉइंट दिसत नव्हते, घोडेवाले फिरकत नव्हते, पत्ते खेळून खेळून सगळे कंटाळले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास वीज गेली. मी दिवाणखान्यात कंदील ठेवायला गेलो तेव्हा त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, एवढी साहेबाच्या काळातली वास्तू, इथे कधी काही घडलंच नाही असं कसं होईल, सांगा की काहीतरी.

फर्नडेलबद्दल सांगण्यासारखं खरं तर पुष्कळ होतं. एका इंग्रज कर्नलानं ते आजारी बायकोसाठी बांधलं होतं. भिंती जांभ्या दगडाच्या, जमीन सागवानी, आणि उन्हाची तिरीप आली की जेवणघरातल्या रंगीत काचांचे तांबडे-निळे तुकडे टेबलांवर पडत. पण हे सांगायला लागलं की पाहुणे घड्याळाकडे बघतात, हे तीन वर्षांत मला समजलं होतं. म्हणून मी हौदाची गोष्ट काढली.

हौदाबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती. स्वयंपाकघराच्या मागे, सुरूच्या झाडांखाली दगडी पायऱ्यांचा एक मोठा हौद आहे, आणि साहेबाच्या काळात त्यात एक गोरं पोर बुडालं होतं. माझे वडील, शिवराम पार्टे, चाळीस वर्षं फर्नडेलला माळी होते. लहानपणी मी त्यांना त्या पोराबद्दल विचारलं की ते म्हणत, “बुडालं एक लेकरू,” आणि कात्री घेऊन कुंपणाकडे निघून जात. ते आदल्या वर्षीच वारले होते.

बाकीचं मी बोलता बोलता जोडत गेलो. पोराला सांभाळायला एक आया होती, तरुण, इथलीच. मडमेनं तिला चार पाहुण्यांसमोर थोबाडीत मारली. आया काही बोलली नाही. दिवेलागणीला तिनं पोराचा हात धरला, चल, तुला कमळं दाखवते म्हणाली, आणि हौदाच्या शेवटच्या ओल्या पायरीवर नेऊन तो हात सोडून दिला. इथे बाईंनी पाय उचलून सोफ्यावर घेतले आणि मघाचा प्रश्न विचारला.

“तिनंही त्याच हौदात जीव दिला,” मी म्हणालो. “ती सात नंबरच्या खोलीत राहायची. अजून दिवेलागणीला तिथे कोणीतरी पोराला हाक मारल्यासारखं ऐकू येतं.”

तिला मी मारून टाकलं, कारण मेलेल्या माणसाला कशाचा त्रास होत नाही असं मला वाटलं. मी चोवीस वर्षांचा होतो. सहा शिकली-सवरली माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती, आणि असं माझ्याकडे त्याआधी कोणी कधी बघितलं नव्हतं.

त्या सहा जणांतला एक कुठल्याशा वर्तमानपत्रात लिहायचा, हे मला डिसेंबरात कळलं. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलं होतं, हौदाच्या फोटोसकट. हॉटेलचे मालक जालसेठ वाच्छा ते पान घेऊन मुंबईहून आले. भला माणूस होता. हॉटेल त्यांच्या वडिलांनी गोरे लोक गेल्यावर विकत घेतलेलं, त्यामुळे आधीचं काही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला समोर बसवून विचारलं की हे खरं आहे का. जुनी माणसं असं सांगतात, असं मी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाले, “लोकला आवडते तर सांग. पण लहान पोरं असेल तेव्हा नको सांगू.”

नंतर मला सांगावंही लागलं नाही. नाताळात लोक सात नंबरची खोली मागून घ्यायला लागले. टॅक्सीवाले फाटकाशी गाडी उभी करून आतल्या प्रवाशांना बोटानं हौद दाखवत. घोडेवाल्यांनी त्यात आयाच्या पैंजणांची भर घातली. एकानं तिला दगाबाज प्रियकर दिला. नवं काही कानावर आलं की मला गंमत वाटायची. आपलं पोर गावभर खेळून घरी आल्यावर जसं वाटावं तसं.

एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, एका दुपारी जेवणं आटोपल्यावर आचाऱ्यानं येऊन सांगितलं की मागच्या दाराशी एक म्हातारी बसलीय, शिवराम माळ्याच्या पोराला बोलवा म्हणते, पाणी दिलं तरी घेत नाही.

ती पायरीवर बसली होती. साठीच्या आसपासची, उन्हानं काळवंडलेली, कासोट्याचं लुगडं, हातात काठी. धनगरवाड्यावरची बाई, हे बघताक्षणी कळत होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली की कपाळ बापाचं आहे. मी अंतू म्हटल्यावर तिनं आपलं नाव सांगितलं. हौसाबाई ढेबे, हिरडवाडीची. हिरडवाडी म्हणजे डोंगराच्या पल्याड, दोन तास खाली उतरून जायचं, वर यायला तीन. ती पहाटेच निघाली होती.

मी म्हटलं, मावशी, आत या, सावलीत बसा. ती उठली नाही. हौदाकडे पाठ करून बसली होती, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

“त्या गोष्टीतली आया म्हंजे मी,” ती म्हणाली.

पुढचं तिनं सावकाश सांगितलं, मध्येच थांबत, जणू एकेक पायरी उतरत. तेव्हाही हे हॉटेलच होतं, एका गोऱ्या बाईचं. रेल्वेतला एक इंजिनेर साहेब बायको आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन हंगामासाठी आला होता. मुलाचं नाव रॉनी. हौसा तेव्हा अठरा वर्षांची. मुलाला बघायला तिला ठेवली. मडमेनं तिला मारलं नव्हतं, कधीच नाही. उलट जाताना जुनं झंपर देईन म्हणाली होती. सात नंबरात ती कधी झोपली नव्हती, मागच्या पडवीत निजायची. त्या दिवशी सकाळी मडम हौदाच्या काठी खुर्ची टाकून वाचत बसली होती, मुलगा शेजारी खेळत होता. ऊन वाढलं म्हणून तिनं हौसाला त्याची टोपी आणायला खोलीत पाठवलं. हौसा टोपी घेऊन आली तेव्हा मडम ओरडत होती आणि मुलगा पाण्यात होता.

“मला पवाया येत न्हवतं,” ती म्हणाली. “तरी मी उडी घातली. त्याचा हात घावला मला. घट धरला. मग दोघंबी खाली गेलो. तुझ्या बापानं काढलं आमाला. मी जगले, ते गेलं. तुझ्या बापाला माझी बोटं एकेक करून सोडवाया लागली त्याच्या हातावरनं. इचार त्याला.”

मी सांगितलं की ते गेले, दोन वर्षं होतील. तिनं मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

पोलिसांनी तिला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. मग साहेबानंच सांगितलं की आयाचा दोष नाही, आणि तिला सोडलं. ती वाडीवर परत गेली, लग्न झालं, एक मुलगा झाला, नवरा गेला, म्हशी पाळल्या. चाळीस वर्षं तिनं डोंगर चढून इकडे पाऊल टाकलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. आता वाडीवरची पोरं दूध-लोणी घेऊन बाजारात येतात, टॅक्सीवाल्यांत बसतात. त्यांनी गोष्ट खाली नेली. गोष्टीतली आया मेली असली तरी वाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं की फर्नडेलला पोर बुडालं तेव्हा आया कोण होती. ती मेली नाही, एवढं त्यांनी आपल्या परीनं दुरुस्त करून घेतलं.

“माझ्या सुनंला आधीची दोन झाली ती ऱ्हायली न्हाईत,” ती म्हणाली. “आता ह्यो झालाय. दीड महिन्याचा हाय. ती माझ्या मांडीवर देत न्हाई. बारशाला मला गोठ्यात बसवली. मी हात लावला तर त्येबी जाईल म्हनत्यात.” मग तिनं पहिल्यांदा माझ्यावरची नजर काढली. “अंतू, हे कुनी सांगितलं रं? कुनी उठवलं?”

हे विचारताना तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. आचारी आत भांडी लावत होता. मी म्हणालो की जुनी बोलवा आहे मावशी, कोण कुठलं सांगतं, पेपरवाल्यांनी छापलं.

तिला ते पटलं. ती म्हणाली की मग तू ये. तू शिकलेला, हॉटेलातला, शिवरामचा मुलगा. तू वाडीवर येऊन सांगितलंस की हे खोटं आहे तर लोक ऐकतील. मी तिला येत्या रविवारी नक्की येतो असं सांगितलं. मग ती पाणी प्यायली, काठी टेकत उठली आणि निघाली.

मी रविवारी गेलो नाही. हंगाम होता, एकही खोली रिकामी नव्हती, आणि ही सबब खरीही होती. पुढच्या रविवारीही गेलो नाही. एक मात्र केलं, गोष्ट सांगणं बंद केलं. कोणी विचारलं तर हे सगळं खोटं आहे असं म्हणायला लागलो. एकदा मुंबईचे एक वकील काउंटरशी उभे राहून आपल्या बायकोला ती गोष्ट सांगत होते, माझ्यापेक्षा छान सांगत होते. मी मध्येच म्हणालो, साहेब, असं काही घडलं नव्हतं. आया त्याला वाचवायला गेली होती. ते माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले आणि बायकोला म्हणाले, “यांना सांगायची मनाई असते.”

जालसेठ मेमध्ये आले तेव्हा त्यांना मी खरं सांगितलं, म्हातारीसकट.  ते म्हणाले की तू जा, आधी तिच्या घरी जा. हॉटेलात ही गोष्ट कोणी काढणार नाही असं मी सगळ्यांना बजावतो, पण फाटकाबाहेर माझं कोण ऐकणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सुट्टी दिली.

मेच्या शेवटच्या मंगळवारी मी हिरडवाडीला उतरलो. वाडी म्हणजे बारा-तेरा घरं, शेणानं सारवलेली अंगणं, करवंदीच्या जाळ्या. हौसाबाईचा मुलगा कोंडिबा दावं वळत बसला होता. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, अबोल माणूस. त्यानं घोंगडं अंथरलं, गूळ-पाणी दिलं. हॉटेलातून कोणी आलंय म्हणून चार-पाच जण जमले. त्यांत बिरूआप्पा म्हणून वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस होता, त्याच्या शब्दाला मान होता. सून, सुलन, मुलाला पदराखाली घेऊन दारात उभी राहिली. हौसाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मी आलो याचा तिला झालेला आनंद मला दिसत होता.

वाटेनं मी ठरवलं होतं की गोष्ट खोटी आहे एवढंच सांगायचं. पण तिच्याकडे बघून मला तसं बोलता येईना.

“ती गोष्ट मी रचली,” मी म्हणालो. “पाहुण्यांची करमणूक व्हावी म्हणून. मला फक्त पोर बुडालं एवढंच माहीत होतं. बाकी सगळं माझ्या मनचं. मावशींनी त्या पोराला वाचवायला उडी मारली होती. माझ्या वडिलांनी दोघांना काढलं.”

 बिरूआप्पानं घसा साफ केला आणि विचारलं की पोर गेलं ते तर खरं ना. मी हो म्हणालो. तेव्हा त्याच्याजवळ हीच होती ना. मी म्हणालो, ती टोपी आणायला गेली होती. तू बघितलंस का, त्यानं विचारलं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. मग तुझ्या बापानं सांगितलं का. बापानं मला काहीच सांगितलं नव्हतं. मला सगळं हौसाबाईनंच सांगितलं होतं.

“म्हंजे हिनंच सांगितल्यालं तू आमाला सांगतोस,” बिरूआप्पा म्हणाला. तो कुजकेपणानं बोलत नव्हता. हिशेब जुळवून बघावा तसा एकेक शब्द ठेवत होता. “हिला दोन दीस चौकीत बसवली व्हती. माझा चुलता आनाया गेल्ता. उगाच कुनाला बसवत्यात व्हय?”

मी सांगत राहिलो. जे मी रचलं होतं ते कंदिलाच्या उजेडात, पाच मिनिटांत, सगळ्यांनी मानलं होतं. खरं सांगायला मी तासभर बसलो, माझा आवाज चढला, मी शपथ घेतली. शेवटी कोंडिबानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला की आई सांगते, तेव्हा तुमचे वडील तिला बहिणीसारखं मानायचे, त्या मायेनं तुम्ही स्वतःवर ओढून घेताय, तुमचं मन मोठं आहे. पण पेपरात छापून आलंय. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईवर विश्वास ठेवावा असं त्यालाही वाटत होतं, आणि दोन पोरं पुरलेला बाप काय धोका पत्करणार.

सुलन सगळा वेळ दारातच उभी होती. मी उठलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी वाईट न्हाई, दादा. मला भ्या वाटतं.” आणि पोराला घेऊन आत गेली.

हौसाबाई मला ओढ्यापर्यंत पोचवायला आली. ओढा कोरडा होता. बराच वेळ ती माझ्या मागून चालत होती, तिच्या काठीचा आवाज येत होता. मी तिची माफी कशी मागावी याचे शब्द जुळवत होतो. ओढ्याशी ती थांबली आणि एका दगडावर बसली.

“मग मी आल्ते तवा का न्हाई सांगितलंस, की तू उठवलंस म्हनून?”

मी भ्यालो होतो, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. हे उत्तर तिला नवीन नव्हतं; आताच सुनेनंही तेच दिलं होतं.

मी तिच्या पाया पडायला वाकलो, तिनं मला हातानं थांबवलं. म्हणाली की असू दे, बस जरा. मग तिनं मला एक विचारलं, आणि ते विचारण्यासाठीच ती एवढी चालत आली होती असं मला वाटलं.

“तू सांगतोस त्यात मी त्येचा हात सोडते. कशी रं सोडते?”

मी म्हणालो, मावशी, ते खोटं आहे.

“तसं न्हवं. आता मला तसंच दिसाया लागलंय. डोळं मिटलं की पायरी दिसती, त्येचा हात माझ्या हातात, आन मी सोडते. आधी असं दिसत न्हवतं. आधी मला पानी दिसायचं, न् घट धरल्यालं. आता टोपी आनाया मडमंनं पाठवलं का मीच गेले, ह्येबी धड आठवंना. सगळीजनं तेच बोलत्यात, तेच बोलत्यात. तुझा बाप असता तर इचारलं असतं.”

“तुम्ही सोडला नाही,” मी म्हणालो. “तुम्हीच मला सांगितलंत. बोटं सोडवावी लागली होती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुला काय ठावं,” ती म्हणाली, “तू तवा जन्माला न्हवतास.”

मग ती उठली आणि वाडीकडे वळली. मी डोंगर चढून आलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात हॉटेल बंद झालं आणि मी वाईला घरी गेलो. त्या चार महिन्यांत मी एक पत्र त्या वर्तमानपत्राला लिहिलं, सगळं कबूल करून. ते छापून आलं नाही. दुसरं लिहिलं, तेही नाही. कोंडिबाला लिहिलेलं पत्र पोचलं की नाही माहीत नाही. त्या पावसात हिरडवाडीला टपाल जातं की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरात हॉटेल उघडलं तेव्हा लोणी घेऊन येणाऱ्या एकाकडून कळलं की म्हातारी पितृपक्षात गेली. मी दुसऱ्याच दिवशी उतरलो. गवत कमरेएवढं वाढलं होतं, ओढ्याला पाणी होतं, चपला हातात घेऊन पलीकडे जावं लागलं.

कोंडिबा म्हशी घेऊन रानात गेला होता. सुलन घरी होती. मुलगा अंगणात घोंगड्यावर पालथा पडून पुढे सरकायची खटपट करत होता, गुटगुटीत, डोळ्यांत काजळ. सुलनची तब्येतही सुधारली होती. तिनं मला बसायला दिलं आणि चुलीवर चहा टाकला. म्हातारीचं सगळं नीट झालं म्हणून सांगितलं. ताप आला, चार दिवस अंथरुणात होती, फार हाल झाले नाहीत.

मी विचारलं की शेवटी काही बोलल्या का.

“शेवटी न्हाई, श्रावनातच बोलल्या,” सुलन म्हणाली. “एक दीस सकाळी आपनहून बिरूआप्पाला बोलवाया सांगितलं. सगळ्यांम्होरं म्हनाल्या, म्याच हात सोडला त्या पोराचा, माझ्या हातनं झालं.”

चूल धुरावली होती. ती वाकून फुंकणीनं फुंकायला लागली, आणि जाळ धरेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो.

“मग बिरूआप्पानं देवापुढं नारळ फोडला, त्यांच्यावरनं उतरून टाकला, मोकळं केलं त्यास्नी. कबूल झाल्यावर कसला राग धरायचा, दादा? देवबी धरत न्हाई. त्याच दिवशी मी ह्येला त्यांच्या मांडीवर दिला. लई येळ घिऊन बसल्या. त्येनं मांडीवर मुतलं तरी उठल्या न्हाईत. रोज घ्यायच्या मग, ताप येईस्तवर. हातातनं सोडायच्याच न्हाईत.”

तिनं चहा गाळला आणि बशीत कप ठेवून माझ्यापुढे सरकवला.  ती माझ्यासमोर बसली, मुलाला उचलून तिनं छातीशी घेतलं, आणि हळहळून, अगदी मनापासून म्हणाली,

“उगाच एवढं दीस ताणून धरलं त्यांनी. आधीच कबूल झाल्या असत्या तर बारशालाच दिला असता की मी.”